भुरी, गंधक आणि बागेवरचं छप्पर

तासगावहून मणेराजुरीकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षबागा लागतात. ऑक्टोबर छाटणी उरकली की त्यांतल्या काही बागांवर आता पारदर्शक प्लॅस्टिकची छपरं चढतात. द्राक्षाला ऊन हवं, मग वर कागद कशाला, असं पूर्वी कुणीही विचारलं असतं. आज कुणी विचारत नाही. फुलोऱ्यात अवकाळी पाऊस आला की गळ आणि कूज होते, साखर भरलेल्या मण्याला पाऊस लागला की तडा जातो, आणि वर्षभराची मेहनत, औषधांची उधारी, सोसायटीचं कर्ज असं सगळं एका रात्रीत अंगावर येतं. छपराचा खर्च परवडत नाही असं म्हणणारा बागायतदारच पुढच्या वाक्यात सांगतो, की न घालणंही परवडत नाही.

मी सांगलीजवळ कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत पॉलिमरच्या एका लहान प्रयोगशाळेत काम करते. आमच्याकडे छोटा एक्स्ट्रुडर आहे, म्हणजे प्लॅस्टिकचे दाणे वितळवून साच्यातून दाबून काढणारं यंत्र. त्यावर आम्ही दाण्यात वेगवेगळे घटक मिसळून नव्या मिश्रणांच्या फिल्म, पट्ट्या, नळ्या काढतो आणि शेजारच्या खोलीत त्या ताणतो, वाकवतो, तापवतो, दिव्याखाली ठेवतो. बाहेरून येणारा मालही तपासतो: ठिबकची नळी, शेततळ्याचा कागद, बेदाण्याच्या रॅकची जाळी, मल्चिंग पेपर. आपल्या जिल्ह्यातली शेती किती प्लॅस्टिकच्या आधारानं उभी आहे, हे आमच्या टेबलावर एक नजर टाकली तरी कळतं.

या कामात माझं एक ठाम मत झालं आहे. नवा पदार्थ बनवण्यापेक्षा त्याच्यासाठी योग्य चाचणी बनवणं अवघड असतं, आणि ती पुस्तकातून आयती मिळत नाही. पदार्थ ज्या रानात, ज्या पाण्यात, ज्या हातांत जायचा आहे तिथून ती उचलून आणावी लागते. बागेवरच्या छपरानं मला हे सर्वांत नीट समजावलं, म्हणून आधी त्याच्याबद्दल सांगते.

हा कागद म्हणजे मुख्यतः पॉलिथिलीन, लांबच लांब साखळ्यांसारख्या रेणूंचा पदार्थ. १९३३ च्या मार्चमध्ये इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीच्या विनिंग्टनच्या प्रयोगशाळेत एरिक फॉसेट आणि रेजिनाल्ड गिब्सन हे दोघे इथिलीन वायूवर प्रचंड दाबाखाली प्रयोग करत होते. त्यांना हवं होतं वेगळंच, भांड्यात मिळाला मेणासारखा पांढरा पदार्थ. तो पुन्हा भरवशानं करता यायला १९३५ चा डिसेंबर उजाडला, कारण किंचितसा ऑक्सिजन आत असल्याशिवाय प्रक्रिया सुरूच होत नाही हे तोवर उमगलं नव्हतं. पुढे महायुद्धात रडारच्या केबलवरचं आवरण म्हणून त्याची खरी किंमत कळली. ज्यांनी तो पहिल्यांदा हातात घेतला, त्यांच्या डोळ्यांसमोर द्राक्षबाग असण्याचं काहीच कारण नव्हतं. हे मला नेहमी आठवतं. पदार्थ एका गरजेसाठी जन्मतो आणि दुसऱ्याच गावात, दुसऱ्याच उन्हात त्याला नांदावं लागतं.

ऊन पॉलिथिलीनचं काय करतं? शुद्ध पॉलिथिलीन सूर्यप्रकाशातले अतिनील किरण जवळजवळ शोषतच नाही. पण शुद्ध पॉलिथिलीन कुठेच नसतं. कारखान्यात वितळवताना उष्णतेनं त्याचं थोडं ऑक्सिडीकरण होतं, उत्प्रेरकाचे अंश राहतात, आणि हे बारीक दोष प्रकाश शोषून घेतात. तिथे साखळी तुटते, एक अस्थिर मूलक, म्हणजे जोडी शोधणारा रेणूचा तुकडा, तयार होतो, तो हवेतला ऑक्सिजन पकडतो आणि शेजारच्या साखळीचा हायड्रोजन ओढतो. झालं, आता शेजारीण अस्थिर. एकदा सुरू झालेली ही लागण स्वतःहून थांबत नाही.

गंमत अशी की कागद ठिसूळ व्हायला सगळ्या साखळ्या तुटाव्या लागत नाहीत. पॉलिथिलीनमध्ये साखळ्यांच्या घड्या पडून लहान लहान स्फटिक झालेले असतात, आणि एका स्फटिकातून दुसऱ्यात गेलेल्या काही मोजक्या साखळ्या या सगळ्यांना एकत्र धरून ठेवतात. उसाच्या मोळ्या ट्रॉलीत रचून वरून दोर आवळतात तसं समजा. ऊस शाबूत असतो, मोळ्या शाबूत असतात, पण दोर कुजला की सगळा भार रस्त्यावर येतो. ऑक्सिजनला स्फटिकात शिरता येत नाही, तो मधल्या मोकळ्या जागेतच फिरतो, म्हणून घाव नेमका त्या जोडणाऱ्या साखळ्यांवर बसतो. त्यामुळे वजन तेच, जाडी तीच, रंगही बहुधा तोच असताना कागद बोटानं दाबला की टचकन फाटतो.

आम्ही हे मोजतो ते ताणून. डंबेलच्या आकाराची पट्टी कापायची, यंत्राच्या जबड्यांत धरायची आणि तुटेपर्यंत ओढायची. चांगला नवा कागद मूळ लांबीच्या चार-पाच पट सहज ताणला जातो. ही ताणक्षमता निम्म्यावर आली की कागदाचं आयुष्य संपलं असं धरतात. कारखान्याच्या माहितीपत्रकावर ‘तीन सीझन’ असं लिहिलेलं असतं, त्यामागे बहुधा हाच हिशेब असतो: दिव्याखाली इतके तास ठेवला, ताणक्षमता निम्म्याच्या वर राहिली, त्या तासांचे अमुक तमुक ठिकाणचे इतके महिने होतात.

अमुक तमुक ठिकाण कोणतं, हा पहिला प्रश्न. जर्मनीत वर्षभरात एका चौरस मीटरवर साधारण १,१०० किलोवॅट-तास ऊन पडतं. आपल्या भागात ते १,८०० च्या पुढे जातं. म्हणजे तिथल्या उन्हावर बेतलेलं आयुष्य इथे आधीच कमी होतं. ही वजाबाकी मात्र बहुतेक चांगले उत्पादक करतात. त्यांच्या हिशेबात नसतं ते वेगळंच.

अण्णा नावाच्या एका बागायतदारानं उतरवलेल्या छपराचे तुकडे आमच्याकडे आणले होते. ‘तीन सीझन’चा कागद दुसऱ्याच हंगामात गेला होता. विक्रेत्यानं हात वर केले होते. आमच्याकडे त्याच कागदाचा नवा तुकडाही होता. तो दिव्याखालच्या चाचणीत व्यवस्थित उतरला. आठ तास ६० अंशांवर अतिनील प्रकाश, चार तास ५० अंशांवर दंवासारखा ओलावा, पुन्हा प्रकाश, असा तो फेरा एका पेटीत चालतो. कागद चांगला होता. मग बागेत मेला कसा?

“ताई, तुमच्या पेटीत ऊन हाय, दव हाय. फवारणी कुठाय?” अण्णांनी विचारलं.

त्यांनी सहज विचारलं, आणि साऱ्या कोड्याचा धागा त्यातच होता.

कागद उन्हात टिकावा म्हणून त्यात हॅल्स जातीचे स्थिरक घालतात. टक्क्याच्या आत-बाहेर इतकंच प्रमाण, पण काम विलक्षण. ते भटक्या मूलकांना पकडून शांत करतात आणि त्या झटापटीतून स्वतः पुन्हा ताजे होतात, त्यामुळे थोडे असूनही पुष्कळ काळ पुरतात. मात्र रसायनाच्या दृष्टीनं ते अमाइन आहेत, म्हणजे आम्लारीधर्मी. आम्लाशी गाठ पडली की त्यांचा क्षार होतो आणि ते कामातून जातात. आता बागेत बघा. भुरी या बुरशीच्या रोगासाठी गंधक मारलं जातं, ८० टक्क्यांचं, पाण्यात विरघळल्यासारखं दिसणारं. त्याचा थर छपराच्या खालच्या अंगाला बसतो. ऊन आणि दमटपणात त्या गंधकाचं हळूहळू ऑक्सिडीकरण होतं, त्यातून आम्लधर्मी संयुगं बनतात आणि ती कागदात झिरपून स्थिरकाला निकामी करतात. पहारेकरीच झोपला की उन्हाला रान मोकळं.

भर घालायला बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं फवारणीचं मिश्रण, आहे. त्यातलं तांबं ऑक्सिडीकरणाचा वेग वाढवतं, पॉलिमरच्या लोकांना ही गोष्ट फार जुनी माहीत आहे. आणि लोखंडी तार व अँगल आहेत, जे दुपारी चटका बसेल इतके तापतात. अण्णांच्या कागदावर सर्वांत आधी फाटलेली रेघ नेमकी तारेवरून गेली होती. तारेला पांढरा रंग दिला किंवा तिच्यावर पांढरी पट्टी गुंडाळली तरी तिथला कागद बराच जास्त टिकतो. हा स्वस्तातला उपाय प्रत्येक विक्रेत्यानं गिऱ्हाइकाला सांगायला हवा असं मला मनापासून वाटतं.

पण मला रात्री जागं ठेवणारी गोष्ट अजून पुढे आहे. छपरामुळे पानं ओली होत नाहीत, म्हणून डावणी हा द्राक्षाचा दुसरा रोग कमी होतो. डावणीला पानावर पाण्याचा थर लागतो. भुरीचं तसं नाही. तिला थेट ऊन आणि पावसाचा मारा आवडत नाही, दमट, सावलीची, कोंदट हवा आवडते, आणि छपराखाली ती आयती मिळते. म्हणजे छप्पर डावणी घटवतं आणि भुरी वाढवतं. भुरी वाढली की गंधकाच्या फवारण्या वाढतात. गंधक छपराला खातं. ज्या कागदानं पीक वाचवायचं, तोच स्वतःच्या मरणाला लागणारं औषध बागेत बोलावून घेतो. हे चक्र ना कीडरोगाच्या पुस्तकात पूर्ण दिसतं, ना पॉलिमरच्या. दोन्ही पुस्तकं बागेत एकत्र उघडली तरच दिसतं.

त्यानंतर आम्ही चाचणी बदलली. पट्ट्या आधी गंधकाच्या द्रावणात बुडवून वाळवायच्या आणि मग दिव्याखाली ठेवायच्या, मध्ये मध्ये पुन्हा बुडवायच्या, बागायतदाराच्या फवारणीच्या वहीतलं अंतर पाहून. त्याच मिश्रणांच्या पट्ट्या लोखंडी चौकटीत ताणून खऱ्या बागेत, तारेला लागून आणि तारेपासून दूर, अशा लावायच्या. हंगाम संपला की दोन्हीकडच्या पट्ट्या एकाच यंत्रावर ओढायच्या. प्रयोगशाळेतला क्रम आणि बागेतला क्रम जुळला, म्हणजे जी मिश्रणं पेटीत आधी गेली तीच बागेतही आधी गेली, तर चाचणीवर विश्वास ठेवायचा. साध्या दिव्याच्या चाचणीत पहिलं आलेलं मिश्रण गंधकाच्या चाचणीत मागे पडलेलं मी पाहिलं आहे. विकत घेणाऱ्याच्या हाती मात्र पहिल्या चाचणीचाच कागद पडतो.

उपाय नाहीत असं नाही. पूर्वी हरितगृहाच्या फिल्ममध्ये निकेलची संयुगं घालत, त्यांना गंधकाचं फारसं काही वाटत नसे, पण फिल्मला हिरवट-पिवळी छटा येई, आणि निकेल हा जड धातू असल्यानं ती मागे पडली. आता कमी आम्लारीधर्मी असलेले नवे हॅल्स मिळतात, आम्लाला ते सहजी बळी पडत नाहीत. महाग आहेत. तीन थरांच्या फिल्ममध्ये ते नेमके कोणत्या थरात, किती घालायचे, म्हणजे किलोमागे भाव फार न वाढता आयुष्य वाढेल, हा आमचा सध्याचा अभ्यास आहे. माझ्या मते ते गंधकाच्या बाजूच्या, म्हणजे खालच्या थरात जास्त हवेत. पण मग छप्पर उलटं चढवलं गेलं तर? म्हणून फिल्मवर ‘ही बाजू खाली’ असं मराठीत छापायला हवं. पदार्थविज्ञानाचा शेवट कधी कधी अशा एका छापील ओळीत होतो.

काळ्या नळीची कथा यापेक्षा साधी आहे. ठिबकच्या आणि पाण्याच्या पॉलिथिलीन नळीत साधारण अडीच टक्के कार्बन ब्लॅक असतं, आणि तेवढी काजळी उन्हाला आत शिरूच देत नाही. मात्र काजळी नुसती असून भागत नाही, ती बारीक असावी लागते आणि सगळीकडे सारखी पसरलेली असावी लागते. पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की गुठळ्या लगेच दिसतात. जिथे गुठळी, तिथून पुढे चीर. यात नेहमी दिसणारा घोळ म्हणजे रिप्रोसेस दाणा. जुन्या डबड्या-पिशव्यांचा तो माल काळा केला की डोळ्यांना नव्यासारखाच दिसतो, पण वाकवून, खाच देऊन, ५० अंशांवरच्या साबणी द्रवात बुडवून ठेवला की त्याचा इतिहास चिरांतून बाहेर पडतो. शेतकऱ्याला नळी विकताना तो इतिहास लपवणं ही फसवणूकच आहे. पुनर्वापर चांगलाच, पण जिथे शोभतो तिथे, आणि सांगून.

याच उच्च घनतेच्या पॉलिथिलीन नळीबद्दल एक गोष्ट मला फार प्रिय आहे. ‘जयपूर फूट’ या कृत्रिम पायाच्या कामात, पायाचा उरलेला भाग ज्यात बसतो ती खोबण बनवायला हीच नळी वापरली जाते. ती तापवून साच्यावर ओढायची, थंड झाली की खोबण तयार. रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी हे शल्यविशारद यांनी तो पाय घडवला. भारतातल्या माणसाला मांडी घालून बसता यावं, उकिडवं बसता यावं, अनवाणी शेतात चालता यावं, ही त्यांची चाचणी होती. परदेशी कृत्रिम पाय त्यांच्या स्वतःच्या चाचण्यांत उत्तम होते, पण त्यात उकिडवं बसणं नव्हतं.

जतच्या बाजूच्या एका काकांनी आणलेली अडचण वेगळी होती. कोरडवाहू जमिनीत पाणी धरून ठेवणारा हायड्रोजेल टाकावा का, असा प्रश्न होता. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा ‘पुसा हायड्रोजेल’ स्वतःच्या वजनाच्या ३५० पट किंवा त्याहून जास्त पाणी शोषतो, आणि बाजारात इतर कंपन्यांचेही जेल मिळतात. तपासायची रीत सोपी: जाळीच्या पुरचुंडीत वजन केलेले कण घालायचे, पाण्यात बुडवायचे, निथळू द्यायचं, पुन्हा वजन करायचं. पण पाणी कोणतं? अशा पत्रकांवरचे मोठे आकडे बहुधा ऊर्ध्वपातित पाण्याचे असतात. या जेलच्या साखळ्यांवर ऋणभार असतो, ते भार एकमेकांना ढकलतात आणि त्यातून जागा होऊन पाणी आत शिरतं. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम या भारांना जखडून टाकतं आणि जेल आखडतो. म्हणून आम्ही बाटलीतलं पाणी बाजूला ठेवलं आणि ज्याच्या रानात जेल घालायचा त्याच्याच बोअरचं पाणी मागवलं. आकडा फार खाली आला, तरी शून्य झाला नाही. काही रोपांना, लागवडीच्या वेळी, मुळांजवळ थोडा घालणं फायद्याचं ठरू शकतं. एकरभर पसरून पाऊस विकत घेतल्याचं समाधान मात्र त्यातून मिळणार नाही, हे त्या काकांना स्पष्ट सांगितलं.

आता मिरजेकडे येते. पॉलिमरच्या लेखात सतार कुठून आली असं वाटेल, पण माझ्यासाठी सर्वांत कठोर चाचणी तिथे होते.

सतारीच्या आणि तंबोऱ्याच्या घोडीवरची जवारी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, पूर्वी हस्तिदंताची किंवा सांबरशिंगाची असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते मार्ग आवळत गेले, आणि गेलेच पाहिजे होते. मग उंटाचं हाड आलं, एबोनाइट आलं, नायलॉन आलं, डेल्रिन आलं. हस्तिदंत काय, शिंग काय, मुळात तेही पॉलिमरच: कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू आणि त्यात बसलेलं खनिज. आणि माणसानं बनवलेल्या प्लॅस्टिकची कथाही तिथूनच सुरू होते. १८६० च्या दशकात अमेरिकेत बिलियर्डच्या चेंडूंसाठी हस्तिदंताला पर्याय देणाऱ्याला १०,००० डॉलरचं बक्षीस जाहीर झालं होतं, आणि त्या खटपटीतून जॉन वेस्ली हायट सेल्युलॉइडपर्यंत पोचले. दीडशे वर्षांनी मिरजेतला कारागीर त्याच प्रश्नापुढे बसलेला आहे, फक्त त्याची अट चेंडूपेक्षा फार कडक आहे. चेंडूनं घरंगळावं एवढंच पुरे असतं. जवारीनं गायचं असतं.

जवारीचा पृष्ठभाग वरून सपाट वाटला तरी त्याला अगदी किंचित उतार असतो. तार कंप पावताना त्या उताराला चाटून जाते, आणि त्यामुळे मूळ स्वरासोबत उपस्वरांचा तो भरलेला झंकार उठतो. कारागीर कानस फिरवतो, पॉलिश पेपर फिरवतो, तार छेडतो, पुन्हा उचलतो, पुन्हा फिरवतो. मिरजेतली ही कला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनची, आणि ती ज्यांनी सुरू केली त्यांचा मूळ धंदा शिकलगारीचा, हत्यारांना धार लावण्याचा. धातू किती घासायचा हे ज्या हातांना कळत होतं त्याच हातांनी पुढे स्वर घासून काढला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मला कुणी घरच्याचा सत्कार झाल्यासारखा आनंद झाला.

तिथल्या एका वयस्कर कारागिरांकडे, ज्यांना मी चाचा म्हणते, मी काही नव्या मिश्रणांच्या पट्ट्या घेऊन जाते. कठीणपणा, ताकद, घर्षण, सगळे आकडे सोबत असतात. चाचांनी पहिल्यांदाच सांगितलं होतं, “ताकद नको सांगू बेटी. तार त्यात खाच कधी पाडते, ते सांग.”

त्या एका प्रश्नानं आमची झिजेची चाचणी बदलली. नेहमीच्या चाचणीत किती वजन झिजलं ते मोजतात. जवारीत वजनाला काही अर्थ नाही. तारेखाली केसाहून बारीक खाच पडली तरी उतार बिघडतो आणि स्वर बसतो. म्हणून आम्ही पोलादी आणि पितळी तार ताणून, तिला त्याच कोनात कंप देत ठेवतो आणि खाचेचा आकार मोजतो. शिंगाची खाच आणि डेल्रिनची खाच वेगळी दिसते. शिंगाचे कडेचे तंतू निघून येतात, डेल्रिनमध्ये कडा किंचित वर उचलली जाते. ती उचललेली कडा कानाला खुपते असं चाचा म्हणतात, आणि त्यांनी ते आमच्या मोजणीच्या आधी सांगितलं होतं.

नायलॉनची जवारी पावसाळ्यात का ‘झोपते’, हेही त्यांचंच निरीक्षण. त्याचं उत्तर मात्र मला देता आलं, याचा आनंद आहे. नायलॉन-६ पाणी शोषतं, पूर्ण भिजलं तर वजनाच्या सुमारे नऊ टक्क्यांपर्यंत. कोरड्या नायलॉन-६ च्या साखळ्या साधारण ५० अंश सेल्सिअसच्या आसपास सैल होऊ लागतात. ओलावा शिरला की हे तापमान उतरत खोलीच्या तापमानापर्यंत येतं. त्या टप्प्यावर असलेला पॉलिमर कंपनाची ऊर्जा स्वतःत जिरवतो, म्हणजे नेमका तारेचा झंकार गिळतो. डेल्रिन, म्हणजे पॉलिऑक्सिमेथिलीन, फारच कमी पाणी घेतं, आणि त्याचं हे सैल होण्याचं तापमान शून्याच्या कितीतरी खाली आहे. म्हणून श्रावणातही ते जागं राहतं. बाजारात १९६० मध्ये आलेला, दातेरी चाकं आणि बेअरिंगसाठी घडवलेला हा पदार्थ मिरजेत तानपुऱ्याच्या तारांखाली बसला.

तरीही चाचा उत्तम सतारीसाठी डेल्रिनला पूर्ण पसंती देत नाहीत. स्वर स्वच्छ येतो, पण ‘गोलाई’ कमी पडते असं त्यांचं म्हणणं. मी ती गोलाई आलेखात शोधते आहे. वरच्या उपस्वरांचा ऱ्हास किती वेगानं होतो, तिथे काहीतरी हाती लागतं आहे असं दिसतं. हाडासारखा, म्हणजे मऊ साखळ्यांत बारीक खनिजकण बसवलेला संमिश्र पदार्थ बनवून पाहणं चालू आहे. खनिज जास्त झालं की तार खराब होते, कमी झालं की डेल्रिनपेक्षा वेगळं काही उरत नाही. आमचे आकडे काहीही म्हणोत, शेवटचा शिक्का चाचांच्या कानाचा, आणि हे मी कमीपणाचं मानत नाही. ते कान एक उपकरण आहेत, पिढ्यान् पिढ्या जुळवत आणलेलं, आणि त्याची अचूकता मला वारंवार पटली आहे.

एक पदार्थ असा आहे की ज्याची चाचणी उलटी करायची असते. तो टिकावा म्हणून नव्हे, वेळेवर संपावा म्हणून. मल्चिंग पेपर. कलिंगड, ढोबळी मिरची, टोमॅटो यांच्या गादीवाफ्यावर २५-३० मायक्रॉनचा कागद अंथरतात. पीक निघाल्यावर तो गोळा करणं म्हणजे शिक्षा. अर्धा हातात येतो, अर्ध्याच्या चिंध्या होतात, रोटाव्हेटर त्या मातीत कालवतो. उरलेला बांधावर पेटवतात. २०१९ च्या महापुरानंतर कृष्णाकाठच्या बाभळींवर उंचावर लटकलेल्या त्या चिंध्या ज्यांनी पाहिल्या त्यांना याहून जास्त सांगायला नको.

यावर उपाय म्हणून जैवविघटनशील कागद येतात, पीबीएटी नावाच्या विघटनशील पॉलिमरचे आणि स्टार्चचे वगैरे. इथे सर्वांत जास्त जपून राहावं लागतं. ‘कंपोस्ट होतो’ हे प्रमाणपत्र बहुधा ५८ अंशांच्या औद्योगिक कंपोस्ट ढिगातलं असतं. आपलं रान तो ढीग नव्हे. मल्चिंगसाठी युरोपात २०१८ पासून वेगळं मानक आहे, ते मातीतली चाचणी मागतं: साध्या तापमानाच्या मातीत दोन वर्षांत किमान ९० टक्के विघटन. हे खूपच बरं. पण ती माती चाचणीभर ओलसर ठेवलेली असते. आमच्या पट्ट्या सध्या दोन ठिकाणी पुरलेल्या आहेत, एक वाळव्याकडच्या मळीच्या जमिनीत आणि एक जतच्या मुरमाड माळावर. मळीत पट्ट्या विरत चालल्या आहेत. माळावर पाऊस गेला की मातीतले जीवाणू थांबतात आणि पट्टीही थांबते. सरसकट सांगली जिल्ह्यासाठी एकच जैवविघटनशील कागद कुणी विकायला आलं, तर त्याला पहिल्यांदा ‘कुठल्या मातीत तपासलात’ एवढंच विचारा.

आणि एक विनंती, जी मी येणाऱ्या प्रत्येकाला करते. छप्पर असो, नळी असो, जाळी असो, मल्चिंग असो, नवा माल उघडला की त्यातून हातभर तुकडा कापून घ्या. तो काळ्या पिशवीत घालून घरात, अंधारात ठेवा. पिशवीवर तारीख, रोलवरचा बॅच नंबर आणि बिलाची नोंद लिहा. फवारणीची, खताची, ठिबकला दिलेल्या आम्लाची वही तुम्ही ठेवताच, ती फेकू नका. माल फाटला की जिथे फाटला तिथला एक तुकडा आणि जिथे फाटला नाही तिथला एक, असे वेगळे बांधून या. हे एवढं जवळ असलं तर विक्रेत्याशी भांडायला तुमच्याकडे पुरावा असतो, आणि पुढचा कागद तुमच्या बागेच्या बेताचा कसा करायचा हे ठरवायला आमच्याकडे.

वापरलेला तुकडा मात्र धुऊन आणू नका. त्यावरची माती, औषधाचा थर, तारेचा गंज, सगळं जसंच्या तसं असू द्या. आम्हाला तपासायचं असतं ते तेच.